डासांची सोयरीक

औषधावर सारवू नका, असं बजावून सरकारी माणसं ताथवड्यात घरोघर डीडीटी मारून गेली. पुढं पोळा झाल्यावर एक डासवाला पुण्याहून सायकलवर आमच्या गोठ्यात येऊ लागला. नाव कोणी विचारलं नाही. भिंतीवरच्या डासावर तो काचेची नळी धरायचा आणि तिची रबरी शेपटी तोंडात धरून श्वासानं डास जिवंत आत ओढायचा. तोंड असं अडकलेलं, म्हणून बोलायचा भुवयांनी. चहा विचारला की दोन्ही भुवया टुणकन वर जायच्या.

सासूबाईंनी एकदा विचारलंच, "भाऊ, ह्यांचं करता काय?"

त्यानं तोंडातली नळी काढली. "सोयरीक जुळवतो. औषधातून वाचलेला नर, वाचलेली मादी. त्यांच्या पोरांवर तेच औषध. पोरंही जगली, तर गुण रक्तातच उतरला म्हणायचा. मग आमचं औषध कुचकामी."

"म्हंजी घराणं बगता व्हय."

त्याला हे इतकं आवडलं की पुढं दारातूनच सांगायचा, "घराणं बघायला आलोय."

दिवाळीच्या सुमारास तो पेढे घेऊन आला.

"पोरं झाली?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली. औषधानं सगळी मेली," तो हसत म्हणाला. पोरं मेल्याचे पेढे वाटणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

"मग आमच्या गोठ्यात ह्यांचे आईबाप कसे जगले वो?"

त्याच्या तोंडात पेढा होता. त्यानं भुवयांनीच भिंत दाखवली. पोळ्याला सासूबाईंनी ती शेणानं छान गुळगुळीत सारवली होती.