पांढरं लुगडं आणि गळकी जीप

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाच्या वरल्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथं जाणारा रस्ता म्हणजे रस्त्याची निव्वळ थट्टा, नुसते गोटे आणि मुरूम. त्या चढाला भीक न घालणारी गाडी एकच, शकुबाईची जुनी फोर बाय फोर जीप.

चाळिशी उलटल्यावर बाई गाडी शिकली. जीप घेतली नवऱ्यानं, गोरखनं, पण स्टेअरिंग धरलं की त्या बाबाला दरदरून घाम फुटायचा. "सरका तिकडं," म्हणून शकुबाई बसली ती बसलीच. गावातले बाप्ये हसले. हसेनात का! पुढं त्यांच्याच बायका बाळंतपणाला आणि त्यांचीच भाताची पोती हिच्या गाडीतून खाली जाऊ लागली, तशी तोंडं आपोआप बंद झाली.

यंदा वाडीनं विहार बांधला. वैशाखी पुनवेला पंचधातूची बुद्धमूर्ती वर न्यायची होती, आणि ती माझ्याच जीपमधून जाणार, असं शकुबाईनं पायाभरणीलाच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. नवी नवरी म्हणून ती ह्याच चढावरून डोक्यावर ट्रंक घेऊन अनवाणी आली होती. आता बुद्धाला तिला स्वतः वर आणायचं होतं. बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

पण जीपची गळती काही केल्या थांबेना. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी भोपळा असतो ना, डिफरेन्शियल म्हणतात तो, त्याच्या तोंडातून तेल ठिबकायचं. तेल संपलं की आतले दाते एकमेकांना खाणार आणि गाडी भर चढात बसणार. गेल्या श्रावणात ओढ्याचं पाणी आत शिरून त्या तेलाचं पार ताक झालं होतं. लोणावळ्याच्या सत्यम मेकॅनिकनं तेव्हा सगळं साफ करून नवं तेल भरून दिलं होतं. त्यानंतर काही दिवसांतच हे दुखणं सुरू झालं. सत्यमनं भोपळ्याच्या तोंडाचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. पुन्हा ठिबक. त्यानं पुन्हा बदललं. पुन्हा ठिबक! मग शकुबाईनं भर बाजारात, चिक्कीच्या दुकानासमोर, त्या पोराची बिनपाण्यानं केली. गिऱ्हाइकं चिक्की घ्यायची सोडून बघत उभी राहिली.

विहार कमिटीचे श्रीपतीभाऊ म्हणाले, "शके, मूर्ती अर्ध्या चढात लटकली तर वाडी तोंड कुटं लपवंल? पुनवंपत्तूर गळती थांबली तर तुजी जीप. न्हाईतर लोनावळ्यास्नं भाड्याची गाडी आनू."

"भाड्याची? बुद्ध काय टूरिस्ट हाय व्हय, भाऊ?" शकुबाई कडाडली. घरी येताना मात्र ती बोटांवर दिवस मोजत होती. पुनव चार दिवसांवर आली होती.

घरात सून मानसी डाळ शिजवत होती. कुकरला शिट्टी येईना, आणि झाकणाच्या कडेनं पिवळं पाणी फसाफसा उडत होतं.

"रिंग बदल की गं!" शकुबाई वैतागून म्हणाली.

"रिंग नवीच हाय, आई. शिट्टीत डाळ अडकलीया. वाफंला वरनं वाट मिळंना, मग ती कडंनं फुटनारच की."

शकुबाई हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं श्रावण आला. ओढ्याचं पाणी पुन्हा शिरू नये म्हणून ती जीपखाली गेली होती. मागच्या आसावर वरच्या बाजूला तिला एक बारीक नळी दिसली. "हितनंच शिरतंय मेलं," म्हणत तिनं त्या नळीत एमसील ठासून भरलं होतं, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली होती. म्हणजे जीपची शिट्टी तिनंच चोंदवली होती! चढावर भोपळा तापायचा, आतली हवा फुगायची, आणि वाट मिळेना म्हणून सील रेटून तेल बाहेर यायचं. सत्यमचा बिचाऱ्याचा काय दोष? चिखलाच्या थराखाली तो एमसीलचा गोळा त्याला दिसणार तरी कसा?

ती तडक लोणावळ्याला निघाली. तिला बघताच सत्यम गॅरेजच्या मागल्या खोलीत सटकला.

"ये रं लेकरा बाहीर. आज शिव्या द्यायला न्हाई आले, खायला आले."

सगळं ऐकून सत्यम जीपखाली शिरला. स्क्रूड्रायव्हरनं त्यानं तो गोळा उकरला मात्र, आतून लांबलचक फुस्स आवाज आला. "मावशी, गाडीनं सुस्कारा सोडला बघा!" तो ओरडला, आणि दोघं पोट धरधरून हसली. त्यानं तिसरं सील बसवलं, नव्वद नंबरचं तेल भरलं. मग त्या नळीला रबरी पाइप जोडून तो हुडाच्या दांडीपर्यंत उंच नेऊन बांधला. आता ओढा कितीही चढला तरी पाणी तिथवर पोचायचं नाही.

पुनवेच्या सकाळी शकुबाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून स्टेअरिंगवर बसली. मागं गोधड्यांत बसवून बांधलेली मूर्ती आणि शेजारी दांडी घट्ट धरून श्रीपतीभाऊ. त्यांना अजून भरवसा नव्हता. "खाली समद्याच गाड्या कोरड्या असत्यात. वर पोचल्यावर बगू," ते म्हणाले.

जीप गुरगुरत निघाली. पंचरंगी झेंडे घेऊन वाडी मागून चालत होती. शेवटच्या वळणावर गोट्यांवर मागचं चाक फिरलं, श्रीपतीभाऊंनी डोळे मिटले. शकुबाईनं छोटा गिअर ओढला, चारही चाकांनी माती धरली, आणि जीप विहाराच्या दारात जाऊन उभी राहिली. "साधु! साधु! साधु!" डोंगर दुमदुमला.

श्रीपतीभाऊ उतरले ते मूर्तीकडं न जाता जीपच्या मागं. वाकायला गेले, पण गुडघे वाकेनात.

"थांबा, भाऊ."

शकुबाई तशीच भुईवर आडवी झाली आणि सरकत जीपखाली गेली.

"आई, लुगडं!" मानसी किंचाळली.

आत जाऊन बाईनं तापलेल्या भोपळ्याचं तोंड पदरानं खसाखसा पुसलं. बाहेर आली तेव्हा पाठ धुळीनं लाल झाली होती. तिनं पदर श्रीपतीभाऊंपुढं पसरला. धूळ होती. तेलाचा एक ठिपका नव्हता.

भाऊंनी पदर बोटांनी चाचपला, बोटं नाकाशी नेली. मग ते गर्दीकडं वळून ओरडले, "सरका रं समदे! मूर्तीला पयला हात शकूचा लागंल!"

"लुगडं मळलंय, भाऊ," ती म्हणाली. डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"मळू दे! तसलंच असू दे!"

आणि त्याच धुळकट लुगड्यानिशी शकुबाईनं मूर्तीला खांदा लावला.