वीस भाचे आणि एक बांध

माझ्या मामांसारखा पाहुणचार करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि चालू कामाचा खोळंबा करणाराही दुसरा झाला नाही. आमच्याकडे मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. बाकीचे मामा ती सणावारी उरकून घेतात. आमचे मामा एसटीच्या पायरीशीच वाकत. मी नऊ वर्षांचा, नाक वाहणारा, खाली मामांचा पटका माझ्या पायांवर, मागे उतारू खोळंबलेले आणि कंडक्टर घंटी मारून दमलेला. शेतात मी कडब्याची पेंढी उचलली तरी ते धावत येत. "भाच्यानं राबायचं न्हाई. पाप हाय." त्यांना मूलबाळ नव्हतं, बहीण एकच आणि तिला मी एकटाच, त्यामुळे त्यांचं सगळं भाचेप्रेम माझ्या एकट्याच्या वाट्याला येई. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लातूर नवा जिल्हा झाला होता, त्या सुमाराच्या दुष्काळातली ही गोष्ट. "जिल्हा जवळ आला, पाऊस मातर व्हता तितंच ऱ्हायला," असं मामा म्हणत. चाकूरजवळ त्यांची चार एकर उताराची जमीन. जो काही थोडा पाऊस पडे, तो वरची माती घेऊन सरळ ओढ्याला जाई. आणखी एक पावसाळा बांधाशिवाय गेला असता तर मामांना पेरायला नुसता मुरूम उरला असता. मी तेव्हा लातुरात बारावीला होतो. कॉलेजचं श्रमदान शिबिर कुठं न्यायचं, हा प्रश्न सरांपुढे होता. मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्या मामांच्या शेतावर न्या, सर. सात दिवसांत बांध उभा करतो."

वीस पोरंपोरी ट्रकमधून उतरली आणि पहिल्या मिनिटालाच घोटाळा झाला. आमच्या भागात अनोळखी माणसालाही मामा म्हणतात. त्यात मी म्हणत होतो. विसांनीही एका सुरात "राम राम, मामा" केलं. मामांचे डोळे भरून आले. ते ओळीनं विसांच्याही पाया पडले. मग टिकाव, खोरी, टोपली सगळी कडब्याच्या गंजीआड लपवली गेली. दोन दिवस आम्ही लिंबाखाली बसून मामीच्या हातची भाकरी आणि येसरची आमटी चापत होतो आणि मामा एकटेच उन्हात खणत होते. सर चिडून त्यांना म्हणाले, "अहो, ही मुलं कामाला आलीत." मामा हात जोडून म्हणाले, "तुमचं बराबर हाय, सर. पर भाच्याच्या हातात टिकाव देऊन मी कुठं तोंड दाखवू?" सर माझ्याकडे बघायला लागले. इकडे सरांना दिलेला माझा शब्द फुकट गेलेला आणि वर माझे लाड वीस ठिकाणी वाटले गेलेले. मी दोन्हीकडून फुगून बसलो होतो.

कंधारची एक मुलगी मात्र बारीक लक्ष ठेवून होती. मामांचा सख्खा पुतण्या सहज डोकावायला आला, तर मामांनी त्याला चहाही न विचारता बैलासारखा जुंपला आणि वर आळशी म्हणाले, हे तिनं पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मामांपुढे उभी राहिली. "काका, टिकाव कुठं ठेवलाव?"

"काका?" मामा दचकले.

"हाव. माझे बापू तुमचे थोरले भाऊ लागतेत. मी तुमची पुतणीच झाले की."

मामांनी पटका काढला, डोकं खाजवलं, पुन्हा पटका बांधला. पुतण्यांना राबवायला कुठल्याच रीतीची हरकत नव्हती. "पुतणी हाईस व्हय? मग नुसती उभी काय ऱ्हायलीस? घे खोरं." दुपारपर्यंत सगळीच काका म्हणायला लागली आणि मामांनी त्यांना असं राबवलं की सरांनाच दया आली. माझं नातं तेवढं बदलता येत नव्हतं. पाच दिवस सगळी खणत होती आणि मी एकटा बाजेवर बसून होतो, त्या पोरींच्या देखत. त्या अपमानातून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

बांध सातव्या दिवशी पुरा झाला. ट्रक निघाला तेव्हा मामा फाळका धरून थोडं चालले. "पाणी थांबलं की कळवतो सगळ्यास्नी," म्हणाले. पावसाळा लागला आणि एसटीच्या कंडक्टरकडून मला निरोप आला, पाणी थांबलंय, माती जागची हलली नाही, पोरांना सांग.

मी कुणालाच सांगितलं नाही. बारावी संपून कोण कंधारला, कोण धर्माबादला पांगलं होतं. वीस पत्रं टाकायची, तीही माझ्या हातून झाली नाहीत. मामा मात्र दर खेपेला विचारायचे, "पोरास्नी कळलं का?" मी म्हणायचो, "हो, मामा." "काय म्हणली?" "लई आनंद झाला म्हणाली." मग ते एकेकाचं नाव घेऊन चौकशी करत. त्यांना वीसही नावं पाठ होती, मला सात-आठच आठवायची. मी मनानंच कुणाला नोकरीला लावायचो, कुणाचं लग्न लावायचो. मामा ऐकून खूश व्हायचे आणि मामीला हाक मारून सांगायचे.

मामा गेले. बांध आहे. ती पोरं आता पन्नाशीपुढे गेली असतील, त्यांच्या घरी नातवंडं खेळत असतील. आपण बांधलेल्या बांधानं माती धरून ठेवली, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही.