भाऊबीजेला केंद्रातून आलेला फोन

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, असली बाई आहे मी. तरी हे लिहितेय... कारण डोक्यातून जातच नाही.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गॅलरीत घुबड पडलेलं दिसलं. पांढरा चेहरा, एक पंख लोंबतोय. माझ्या जुन्या हिरव्या ओढणीत गुंडाळून खोक्यात ठेवलं, खोक्यावर माझा नंबर लिहिला. जखमी पक्ष्यांचं केंद्र लांब, मला ड्युटी — म्हणून धाकट्या भावाला, संदीपला बोलावलं. त्याचा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मोबाइल रिपेअरिंगचा गाळा आहे.

"टेन्शन नको घेऊ ताई, मी सोडतो ना," म्हणाला. संध्याकाळी मेसेज — "दिलं. वाचेल म्हणाले." काय कौतुक वाटलं मला त्याचं!

भाऊबीजेला तो पाटावर बसला. मी टिळा लावला, ओवाळायला ताट उचलणार... तेवढ्यात फोन. केंद्रातली मुलगी. "मॅडम, तुमचं घुबड खायला लागलंय."

"संदीप, ऐकलंस? बरं होतंय आपलं घुबड!"

त्याचा चेहरा पांढराफटक. "शक्यच नाय, ताई."

"का?"

"ते मेलंय. लक्ष्मीपूजनाला... माझ्यासमोर कापलं."

कुणा भगताने त्याला सांगितलं होतं — लक्ष्मीपूजनाला घुबडाचा बळी दे, बसलेला धंदा उठेल. आणि ह्याने नेऊन दिलं! खोकं, ओढणी, सगळं तिथेच जाळलं म्हणे.

"गाळा बंद पडायला आलाय ताई, काय करू मी?"

"अरे मेल्या, मग मला कशाला खोटं सांगितलंस? विश्वासाने दिला होता रे तो मुका जीव तुझ्याकडे!"

त्याला तसाच ओढत केंद्रात नेलं. पिंजऱ्याजवळ माझी ओढणी, इस्त्रीने भाजलेल्या कोपऱ्यासकट. खोक्यावर माझंच अक्षर. "पाडव्याला सकाळी गेटपाशी मिळालं," ती मुलगी म्हणाली, "कोणी ठेवलं, माहीत नाही." घुबडाने आम्हा दोघांकडे नीट पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

माझे मिस्टर म्हणतात, भगताने दुसरंच घुबड कापलं असेल. असेलही. पण मग संदीपसमोर जाळलेली ओढणी परत आली कुठून?

मला सलतं ते वेगळंच. तो फोन जरा उशिरा आला असता, तर मी त्याला ओवाळलं असतं... आणि माझा भाऊ हसत हसत ओवाळून घेऊन, करंज्या खाऊन घरी गेला असता.