वाळलेल्या काचा

चढ संपला तरी थोरल्या जाऊबाईंची चाल कमी होईना. मी मागून म्हटलं, "ताई, जरा दमानं. देवानं पाय दोनच दिलेत."

"मग तेच उचल," त्या म्हणाल्या.

आम्ही गिरणीमागच्या वस्तीत निघालो होतो. जाऊबाई दवाखान्याच्या लॅबमध्ये असतात. गर्भपिशवीच्या तोंडाशी घेतलेल्या पेशी काचेवर येतात, त्यांना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे त्यांचं काम. कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी पेशी बिघडायला लागतात, ते तिथे दिसतं. घरीही त्यांनी निवडलेल्या तांदळात आजवर कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही.

वस्तीतल्या बायकांच्या काचा मात्र सगळ्या वाया गेल्या होत्या. नवीन नर्स इतके दिवस तापाच्या रोग्यांच्या रक्ताच्या काचा करायची. त्या काचा आधी वाळवायच्या असतात. तिनं याही पंख्याखाली छान वाळवल्या आणि मग स्पिरिटमध्ये घातल्या. या ओल्या असतानाच बुडवाव्या लागतात, नाहीतर पेशी फुगून बसतात. चांगली कुठली, वाईट कुठली, काही कळत नाही.

"दवाखान्यातले पुढच्या वर्षी बघू म्हणत होते, मीच हट्टानं उद्याचा दिवस घेतला," जाऊबाई धुसफुसल्या. "एखादीची पेशी वर्षभर थांबणार आहे का?"

नळावर बायका होत्या. निम्म्याजणी माझ्याकडून कपडे शिवून घेतात, म्हणूनच मला सोबत आणलं होतं. उद्या इथल्या अंगणवाडीत परत तपासणी आहे, असं जाऊबाईंनी सांगितलं.

"परत?" एक म्हातारी म्हणाली. "पहिलं हरवलं, का बघायला आवडलं?"

सगळा नळ हसला. जाऊबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "हरवलं नाही मावशी. आमच्या हातून बिघडलं. चूक आमची, म्हणून मी चालत आले."

कडेवर मूल घेतलेली एकजण पुढे आली. तिची आई याच कॅन्सरनं गेलेली. "मग माझं काय निघालं?"

"मला माहीत नाही बाई. खोटं कसं सांगू?"

ती रडवेली झाली. "एकटी नाही यायची मी. परत त्या टेबलावर... नकोच."

"आम्ही तरी कुठं येतोय?" म्हातारीनं हंडा उचलला.

जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. मी स्वतः ही तपासणी कधी करून घेतली नव्हती. मला काय धाड भरलीय, असंच म्हणायचे. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागले, कारण काय येणार ते दिसत होतं.

"इतक्या वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या इथं सगळ्यांच्या आधी तू आत जा. आणि बाहेर आलीस की त्या रडवेलीचं मूल तू धर, म्हणजे ती आत जाईल."