हात मोजणाऱ्या बाई

“हात वर!” फुलसावंगीजवळच्या आमच्या वस्तीवरची शाळा बाईंच्या या दोन शब्दांवर चालायची. आधी गणित की कविता? हात वर. खिचडी झाडाखाली खायची की ओट्यावर? हात वर! पोरं सारी अकरा आणि शाळेचं मंत्रिमंडळही अकरा जणांचंच. पाणीमंत्री, झाडूमंत्री, घंटामंत्री... जनता म्हणून उरलो फक्त मी, बाईंना रोज शाळेत ने-आण करणारा जीपवाला.

“विरोधी पक्ष नसन तं सभागृह कायचं, दादा?” म्हणत बाईंनी मला थेट विरोधी पक्षनेताच करून टाकलं. तुम्हीच सांगा, असं पद कोण सोडेल? मी उभ्या उभ्या शपथ घेतली.

मग कळलं, पट कमी म्हणून शाळा बंद होणार. बाईंनी ऐन उन्हाळ्यात सहल काढली, थेट नागपूरचं विधानभवन. “सरकार पुस्तकात वाचलं, आता डोळ्यानं पाहू.” रस्ताभर पोरं घोकत होती, “साहेब, आमची शाळा बंद करू नका.” मी मधूनच हॉर्न वाजवून गोंधळ घालत होतो. विरोधकाचं कामच ते!

फाटकावरचा शिपाई हसला. “मॅडम, अधिवेशन डिसेंबरात राह्यते. आता कोण भेटन इथं?”

मी बाईंकडे पाहिलं.

“मले माहीत हाये,” त्या हळूच म्हणाल्या. “पण डिसेंबरपर्यंत शाळा राहीन का, दादा?”

मग समोरच्या फुटपाथवरच सभागृह भरलं. “शाळा चालू राहावी. हात वर!” अकरा हात ताडकन वर गेले.

“विरोधात?”

नियम म्हणजे नियम. मी छाती फुगवून एकट्याचा हात वर केला.

“पडला, पडला! विरोधी पक्ष पडला!” घंटामंत्री नाचायला लागला. बाईही हसल्या आणि हसता हसता त्या बंद फाटकाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. माझं एकट्याचं मत जिंकलं. बाईंची बदली राजूरकडे झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

आता पोरांना दूरच्या शाळेत मीच सोडतो. जुनी शाळा आली की जीपमधले सगळे हात वर होतात. स्टिअरिंगवरचा एक हात मीही वर करतो. पक्ष बदललाय मी.

मोजायला बाई तेवढ्या नाहीत.