मासळी बाजारातला होकार

गुडघे टेकायचेच होते तर देवळात टेकायचे, माझ्या टोपलीपुढे कशाला? आणि तुम्ही बाया, भाव करायचा सोडून मोबाईल काढून उभ्या राहिलात!

आज सकाळी डहाणूच्या मासळी बाजारात नाखव्याच्या प्रशांतने माझ्या नातीला, वर्षाला, अंगठी पुढे करून लग्नाचं विचारलं. धाकट्या डहाणूचा आमचाच पोरगा, बापाच्या बोटीवर जातो, वाईट नाही. सगळीकडून ओरडा, "हो बोल गो, हो बोल!" बोंबील निवडता निवडता पोरीने मान डोलावली.

तेवढ्यात त्याच्या आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला. हात मासळीने भरलेले, अडवू कशाने? गिळला. आमच्यात घरच्या म्हातारीचं तोंड गोड झालं की सोयरीक ठरली.

घरी आल्यावर वर्षा रडायला लागली. "आजी, मला तो नको. एवढ्या लोकांत नाही कशी बोलू?"

"मग मला खुणवायचं!"

"तू पेढा खात होतीस."

त्याची आई उद्या साडी घेऊन येते आहे. नाही म्हटलं तर रोज त्याच बंदरावर त्यांच्याच बोटीची मासळी उचलायची आहे मला. हो म्हटलं तर पोरीचा जन्म गेला.

पुरुषमाणसांनी खाली एक अक्षर लिहू नये. ठरलेली सोयरीक मोडून त्याच गावात राहिलेल्या बायांनीच सांगायचं, उद्या दारात आलेल्या त्या बाईला मी काय म्हणू?