देवाचे पाणी आणि गीझरची धार

पत्नीच्या उजव्या पावलावर फोड आला होता आणि तिला तो कळलाच नव्हता. मधुमेहामुळे तिच्या पायांची संवेदना हळूहळू क्षीण झाली आहे. गीझर तापू लागला की गरम नळीवरच्या, जादा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून कढत पाणी गळे, तेही नेमके बादली ठेवण्याच्या जागी. तेच पाणी पावलावर पडत राहिले आणि ती स्तोत्र पुटपुटत तशीच उभी राहिली. फोड फुटून लादीवर उमटलेला तांबूस डाग मला दिसला, तेव्हा डॉक्टरांची ताकीद आठवली. या पायाला जखम होऊ देऊ नका, ती लवकर भरायची नाही, असे त्यांनी बजावले होते.

इलेक्ट्रिशियनने व्हॉल्व्ह बदलला, तापमान उतरवले. गळती थोडी मंदावली इतकेच.

"नवा माल घातलाय की, काका," तो म्हणाला. "आता गीझरच नवा घ्या, दुसरं काय!"

शेजारच्या गृहस्थांनी व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारण्याचा सल्ला दिला. तो मला पटेना. बाहेर पडू पाहणाऱ्या दाबाचे एक तोंड बांधले, तर तो दुसरे कोणते शोधील?

लहानपणी संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्रातली कारण शोधण्याची एक रीत शिकवली होती. काय असताना कार्य घडते आणि काय नसताना घडत नाही, ते पाहावे. मी स्टूल घेऊन गीझरसमोर बसलो. लाल दिवा लागला की थोड्या वेळात थेंब सुरू होत, विझला की थांबत. गच्चीवरची टाकी काठोकाठ असली तरी गार गीझरमधून थेंबही येत नसे. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष होता. तापून फुगलेल्या पाण्याला जागा हवी होती. पूर्वी ती कुठेतरी मिळत असली पाहिजे, कारण पूर्वी गळती नव्हती.

मग ती वाट कोणी अडवली? आम्हीच. काही महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातल्या नळाला कोमट पाणी आले होते. टाकीतून एकच नळी न्हाणीकडे आणि स्वयंपाकघराकडे जाते, त्यामुळे गीझरचे पाणी मागे सरून तिकडे पोचले होते. "न्हाणीतलं पाणी देवाच्या अभिषेकाला?" म्हणून पत्नीने त्या नळाला हात लावणे सोडले. मलाही ते रुचले नव्हते. प्लंबरकडून गीझरच्या थंड नळीवर वन-वे व्हॉल्व्ह बसवून घेतला. पाणी आत जाईल, परत फिरणार नाही. सोवळे राखले गेले, आणि अडलेले पाणी तिच्या पावलावर पडू लागले.

हे तिला सांगणे मला कठीण गेले.

"म्हणजे तो काढायचा?" तिने विचारले.

"काढायचा."

"आणि देवाला विटाळलेलं पाणी घालायचं?"

"देव कोमट पाण्याने कोपणार नाही. तुझा पाय मात्र..."

वाती वळता वळता ती म्हणाली, "पालिकेच्या नळाला पाणी येईल त्या दिवशी देवाचा हंडा वेगळा भरीन. त्याला कुणी शिवायचं नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्ही तर मुळीच नाही. सोवळं नेसून पेपर वाचता तुम्ही!"

प्लंबरने तो व्हॉल्व्ह काढला. त्या दिवसापासून लादी कोरडी आहे. जखम मात्र अजून ओली आहे. तिला वाकून तळवा दिसत नाही, म्हणून पूजेपूर्वी मीच चष्मा लावून पाहतो, पुसतो, नवी पट्टी बांधतो. पतीने पायाला हात लावणे तिला पाप वाटते. रोज ती पाय आखडून घेते, रोज मी तो पुन्हा मांडीवर घेतो. आज कडेचा भाग किंचित काळपट वाटला. पट्टी बांधली आणि डॉक्टरांकडे जायला रिक्षा बोलावली.

"पूजा व्हायची आहे अजून," ती म्हणाली.

"देव थांबेल," मी म्हणालो आणि तिच्या चपला पुढे ठेवल्या.